बाल्कनीतली फुलबाग: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा शेवट ‘कोणतं खत घालू?’ असा आहे. त्यामुळे आधीच सांगून ठेवतो, खालच्या उत्तरांत खताचा उल्लेख कमी सापडेल. ऊन, पाणी आणि रात्रीचा दिवा यांचाच जास्त. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: नवीन घराला ८ बाय ३ फुटांची पूर्वेची बाल्कनी आहे. रंगीत फुलांच्या आठ-दहा कुंड्या ठेवायच्या आहेत. कुंडी कोणती, माती कोणती आणि वजनाचं काय? (डोंबिवली)

रोपं आणण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला ऊन कुठवर येतं ते बघा. मात्र उभं राहून बघू नका, कुंडी जिथे ठेवणार त्या उंचीवर बघा. कठडा भरीव असेल तर तुमच्या तोंडावर ऊन आणि कुंडीवर सावली असा प्रकार असतो. तसं असेल तर कुंड्या जमिनीवर न ठेवता दीड-दोन फुटी स्टँडवर चढवा. पूर्वेला साधारण चार तास कोवळं ऊन मिळतं. तेवढ्यावर सदाफुली, पेंटास, बुटकी इक्झोरा, साल्विया छान फुलतात आणि थंडीत पिटुनिया व डायंथसही. झेंडू, चिनी गुलाब आणि गुलाब यांना सहा तास लागतात. ते पूर्वेला जगतील, पण फुलं मोजकी देतील.

वजनाची चिंता रास्त आहे. १० इंची कुंडीत जवळपास ८ लिटर मिश्रण बसतं. नुसती बागेतली माती भरून पाणी घातलं की ती १३-१४ किलोंची होते, हलकं मिश्रण भरलं तर ८ किलोंच्या आसपास. मातीच्या कुंडीचं स्वतःचं वजन त्यावर वेगळं. भारतीय मानकांप्रमाणे बांधलेल्या इमारतीत बाल्कनी चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरून आखलेली असते, म्हणजे दहा कुंड्यांनी काही बिघडत नाही. पण जड कुंड्या नेहमी घराच्या भिंतीला लागून ठेवा. बाल्कनी भिंतीतून पुढे काढलेली असते. तेच वजन बाहेरच्या कडेला नेलं की ती भिंतीला जिथे जोडलेली असते तिथला ताण कितीतरी वाढतो. जुनी चाळ असेल, खालच्या बाजूला प्लॅस्टर सुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर आधी ती दुरुस्ती, मग फुलं. रेलिंगला अडकवायच्या कुंड्या आतल्या बाजूनेच लावा.

दहा कुंड्यांना ८० लिटर मिश्रण लागेल. २५ लिटर पोयटा किंवा लाल माती, २५ लिटर भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २५ लिटर मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, उरलेलं परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू. शिवाय कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीटची ५ किलोंची वीट फुगून ६० लिटरपेक्षा जास्त होते, तेव्हा अर्धीच भिजवा. ते पाण्यात भिजवून, पिळून, पुन्हा एकदा धुऊन घ्या. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना तेच भोवतात.

तळाला विटांच्या तुकड्यांचा थर घालायची पद्धत घरोघरी आहे. आमच्या मते त्याचा उपयोग नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण चिंब झाली की मगच उतरतं. म्हणजे ओल तळाशी साचण्याऐवजी तुकड्यांच्या वर, मुळांच्या जवळ साचते आणि कुंडीतली जागाही वाया जाते. भोकावर नारळाच्या शेंड्या किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे. प्लॅस्टिकच्या कुंडीला मात्र चार-पाच भोकं हवीत. एकच असेल तर खिळा तापवून वाढवा.

शेवटची गोष्ट नर्सरीच्या रोपाची. पिशवीतला लाल चिकट मातीचा गोळा जसाच्या तसा लावला की पुढे तो विटेसारखा कडक होतो. तुम्ही घातलेलं पाणी त्याच्या बाजूने घरंगळून खाली जातं. कुंडी ओली दिसते आणि रोप तहानलेलं राहतं. लावण्याआधी गोळा पंधरा मिनिटं बादलीत बुडवा आणि बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने सुटी करा. मधली मुळं ढवळू नका.

प्रश्न: आमची बाल्कनी दक्षिणेची. डिसेंबर-जानेवारीत फुलांनी भरलेली असते, पण एप्रिल उजाडला की नुसती पानं. ऊन तर तेव्हाच जास्त असतं! (बोरिवली)

तापमान जास्त असतं, तुमच्या कुंडीवर पडणारं ऊन मात्र कमी होतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दुपारी तो आकाशात जेमतेम अर्ध्यावर असतो आणि ऊन बाल्कनीत खोलवर शिरतं. एप्रिलच्या मध्यात तोच सूर्य जवळपास डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवतो. ९ फूट उंचीवर स्लॅब असेल तर भर दुपारी फक्त बाहेरच्या दीडएक फुटात ऊन पडतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर मुंबईत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडेच असतो.

त्यामुळे या बाल्कनीत थंडीतली फुलं मनसोक्त लावा: पिटुनिया, डायंथस, पॅन्सी, शेवंती. मार्चअखेर ती उतरली की अर्धवट उन्हावर भागणारी झाडं पुढे आणा: पेंटास, टोरेनिया, बिगोनिया, अबोली. उत्तरेच्या बाल्कनीचं याच्या उलट असतं; तिथे थंडीत थेट ऊन मिळतच नाही. अशा वाचकांनी अँथुरियम, पीस लिली, बिगोनिया, इम्पेशन्स यांवर समाधान मानावं. तिथे गुलाबावर पैसे घालू नयेत.

प्रश्न: मागच्या जानेवारीत फुललेली शेवंती आणली होती. झाड दणकट वाढलं, उंचही झालं, पण डिसेंबर संपला तरी एक कळी नाही. फॉस्फरसचं खत घालू का? (ठाणे)

तुमच्या पत्रात पुढे एक ओळ आहे, ‘बाल्कनीतला दिवा आम्ही रात्रभर चालू ठेवतो’. उत्तर तिथेच आहे.

शेवंती रात्रीच्या लांबीवर चालते. पावसाळा सरताना रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिला कळ्या धरायचा इशारा मिळतो. मधल्या अंधारात उजेड पडला की झाडाच्या लेखी ती रात्र संपली आणि लगेच दुसरी छोटी रात्र सुरू झाली. मग ते पानंच वाढवत बसतं. व्यापारी शेतीत फुलं लांबवायची असतील तर याच कारणासाठी रात्री मुद्दाम बल्ब लावतात. तुमच्याकडे ते काम फुकटात चालू आहे. रस्त्यावरचा झगझगीत दिवा थेट पडत असेल तरी हाच परिणाम होतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीपासून कळ्या वाटाण्याएवढ्या होईपर्यंत कुंडीला संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेसहा अंधार द्या. दिवा बंद ठेवता येत नसेल तर कुंडीवर मोठा खोका पालथा घाला किंवा काळं जाड कापड टाका. सकाळी काढायला विसरू नका. पाच-सहा आठवडे हा उद्योग करावा लागतो. एखाद्या रात्री राहिलं तर बिघडत नाही, रोजच राहिलं तर बिघडतं.

उंचीचं म्हणाल, तर बाजारात कुंडीतली शेवंती आखूड राहावी म्हणून तिच्यावर वाढ रोखणारी औषधं फवारलेली असतात. त्यांचा असर ओसरला की झाड आपल्या मूळ उंचीला जातं. त्यावर उपाय शेंडे खुडणं हाच. फुलं संपल्यावर झाड चार इंचांवर कापा. बुंध्यातून ज्या काश्या (नवे फुटवे) निघतील त्या जून-जुलैत वेगळ्या लावा. रोप सहा इंचांचं झालं की वरचं अर्धा इंच टोक खुडा, नव्या फांद्यांचंही तेच करा. ऑगस्ट संपला की हात आवरा. त्यानंतर खुडलंत तर कळ्याच खुडाल.

प्रश्न: पिटुनियाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पाणी बोअरचं आहे. गांडूळखत दोनदा घालून झालं. (पुणे)

हिरव्या शिरा आणि पिवळं पान, तेही शेंड्याकडचं, म्हणजे लोह कमी पडतंय. तुमच्या मातीत लोह असेलही, पण बोअरच्या जड पाण्याने ती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. पिटुनिया या बाबतीत फार हळवी आहे. शेजारची सदाफुली त्याच पाण्यावर टवटवीत दिसेल. कुंडीच्या काठावर आणि बाहेरून पांढरे पापुद्रे आलेत का बघा. आले असतील तर निदान पक्कं.

चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांनी परत एकदा. जुनी पानं पूर्ण सुधारणार नाहीत, नवी पानं हिरवी येतात का ते पाहा. महिन्यातून एकदा कुंडीत साध्या, म्हणजे नळाच्या किंवा दुसऱ्या कमी क्षाराच्या पाण्याचा भरपूर मारा करा: १० इंची कुंडीला १५-१६ लिटर, सगळं खालून वाहून जाऊ द्यायचं. त्याबरोबर साचलेले क्षार निघून जातात. हाडांचा चुरा, चुना, अंड्याची टरफलं यातलं काहीही या कुंडीत घालू नका.

आणि फुलं काढताना नुसत्या वाळक्या पाकळ्या ओढून काढता का? त्याखालचा हिरवा बोंडाचा भागही देठासकट खुडायचा असतो. ते बोंड राहिलं की झाड बिया भरायला लागतं आणि पुढच्या कळ्या मंदावतात. फेब्रुवारीत फांद्या लांबून मध्ये उघड्या पडल्या तर सरळ निम्म्यावर कापा. तीन आठवड्यांत पुन्हा भरून येईल. एप्रिलच्या उकाड्यात मात्र तिला वाचवायच्या खटपटीत पडू नका.

प्रश्न: पश्चिमेची बाल्कनी, दुपारी दोन ते सहा आग. मे महिन्यात काही फुलेल का? (नागपूर)

फुलेल, आणि तेही भडक रंगांत. चिनी गुलाब (ज्याला कुणी ऑफिस टाइम म्हणतात), बोगनवेल, सदाफुली, अडेनियम ही चार झाडं ४५ अंशांतही माघार घेत नाहीत. फक्त चिनी गुलाबाची फुलं दिवसाचीच असतात आणि ऊन पडल्याशिवाय उघडत नाहीत. तुमच्याकडे दुपारनंतर ऊन येत असेल तर ती उशिरा उघडतील, हे धरून चला. त्याच्या तीन इंची काड्या ८ इंची कुंडीत सात-आठ खोचल्या तर महिन्याभरात कुंडी झाकते.

बोगनवेलीचं तंत्र वेगळं आहे. तिला मोठी कुंडी आणि रोज पाणी दिलंत तर काटे आणि पानं मिळतील. १२ इंची कुंडीत मुळं दाटू द्या, पानं किंचित लवली की पाणी द्या, नत्राचं खत हात राखून वापरा. एक बहर संपला की फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटा. पुढचा बहर नव्या फुटीवर येतो.

पश्चिमेला झाडाला उन्हापेक्षा तापलेली कुंडी जास्त मारते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीच्या कडेची मुळं अक्षरशः शिजतात. मातीची किंवा पांढरी कुंडी घ्या. नाहीतर छोटी कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरा आणि त्या ओल्या ठेवा. हिरवी जाळी लावायची तर ५० टक्के सावलीची. ७५ टक्क्यांची लावली की झाड गार राहतं आणि फुलं जातात. पाणी सकाळी सातच्या आत द्या. भर दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच झारी उचलू नका. माती दोन पेरं खोल चाचपा. आत ओल असेल तर झाड संध्याकाळी आपोआप सावरतं. त्या ओल्या मातीत आणखी पाणी घातलं की मुळकूज.

प्रश्न: दरवर्षी जुलैत सदाफुली काळी पडून मरते. ‘सदा’ फुलायची ती आमच्याकडेच का रुसते? (रत्नागिरी)

कोकणच्या पावसात ती रुसायचीच. फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येतात ना? ती बुरशीसारखी रोगजनक लागण आहे, सतत भिजलेल्या पानांवर आणि साचलेल्या ओलीत पसरणारी. लागलेलं झाड वाचत नाही. मातीसकट टाका आणि त्या कुंडीत वर्षभर सदाफुली लावू नका. मेअखेर निरोगी झाडाच्या दोन-तीन काड्या वेगळ्या लावून पाऊस न लागणाऱ्या खिडकीत ठेवा. तेच पुढच्या वर्षीचं बियाणं.

बाल्कनी मात्र पावसाळ्यात ओकी ठेवायचं कारण नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात तेरडा पेरा, दोन महिन्यांच्या आत फुलतो, म्हणजे गौरीला घरचा तेरडा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात ते एका फुलाबद्दल खरं असेल. एका कुंडीत चार रोपं असली तर रंग महिनाभर टिकतो. पावसाळी लिलीचे कंद १० इंची कुंडीत पंधरा-वीस दाटीने लावा. गुलबक्षी, गोकर्ण, कर्दळ आणि सावलीत टोरेनिया आहेतच. खत पावसाळ्यात थोडं थोडंच द्या, जास्त दिलेलं सगळं धुपून जातं.

प्रश्न: जास्वंदीवर पांढरा कापूस येतो आणि कळ्या उमलायच्या आधीच गळतात. (दादर, पणजी, कोल्हापूर)

या दोन तक्रारी एकाच पत्रात येतात, पण त्यांची कारणं वेगळी असू शकतात.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी बुंध्यावर मुंग्यांची रांग आहे का बघा. या किडीतून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या तिची राखण करतात, तिच्या शत्रूंना हाकलतात. कुंडी भिंतीला किंवा ग्रीलला टेकलेली असेल तर सोडवा, म्हणजे मुंग्यांचे रस्ते तुटतील. मग खूप भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. ते कचऱ्याच्या डब्यात उघडे ठेवू नका. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा, पानांच्या खालून. चिवट गठ्ठे स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी: ५ मिली तेलात आधी १ मिली भांडी घासायचं लिक्विड घोटा, मग लिटरभर कोमट पाणी थोडं थोडं मिसळा. उलट क्रमाने केलं तर तेल वर तरंगतं, निम्म्या झाडाला पाणी मिळतं आणि निम्म्याला नुसतं तेल. सात दिवसांच्या अंतराने तीनदा फवारा. एकदाच फवारून लोक थांबतात आणि अंड्यांतून निघालेली पुढची पिढी झाड व्यापते. उन्हात फवारलंत तर पानं भाजतील.

कळ्यांसाठी दोन साध्या चाचण्या आहेत. एक कळी पांढऱ्या कागदावर झटका. शेवयाच्या तुकड्यासारखे सूक्ष्म जीव पळताना दिसले तर फुलकिडे. गळलेली पिवळी कळी नखाने उभी चिरा. आत बारीक अळ्या असतील तर कळीत अंडी घालणारी माशी आहे. त्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात, म्हणून गळालेल्या कळ्या रोजच्या रोज उचलणं हा त्यावरचा सगळ्यात परिणामकारक उपाय. दोन्ही नसेल तर पाण्याचा धरसोडपणा असेल: शनिवार-रविवार तुडुंब, मधले दिवस कोरडं. फुलं देवाला वाहिली जातात, घरात मुलं वावरतात, तेव्हा झाडात भिनणारी कीटकनाशकं बाल्कनीत वापरायला आम्ही सांगणार नाही.

प्रश्न: चहाचा चोथा, केळ्याची साल, कांद्याच्या सालींचं पाणी, यातलं काय चालतं? (सातारा)

कुंडीत थेट काहीच नको. दूध-साखरेच्या चहाचा चोथा मुंग्या आणि बारीक चिलटं बोलावतो, केळ्याची साल मातीत कुजताना वास आणि बुरशी. कांद्याच्या पाण्याने नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर बहर येत नाही. हे सगळं कंपोस्टच्या डब्यात टाका, चोथा आधी धुऊन. फुलांच्या कुंडीला पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत आणि हंगामात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, एवढं भागतं. माती ओली असतानाच द्या.

प्रश्न: पाणी खालच्या मजल्यावर गळतं म्हणून ताटल्या ठेवल्या, आता सोसायटी डासांसाठी त्या काढायला सांगते. (पिंपरी)

दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. ताटल्या ठेवा, पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने ओता, आणि आठवड्यातून एकदा आतून घासून कोरड्या करा. डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, नुसतं ओतून जात नाहीत. ताटलीत जाड वाळू भरली तरी चालतं.

प्रश्न: मे महिन्यात आठ दिवस गावी जायचं आहे. शेजारी किल्ली देण्याची सोय नाही. (नाशिक)

सगळ्या कुंड्या उन्हातून काढून घरालगतच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. उमललेली फुलं आणि मोठ्या कळ्या खुडून टाका, तेवढीच पाण्याची मागणी घटते. मातीवर दोन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. सावलीत १० इंची कुंडीला दिवसाला अर्धा लिटर धरला तर दहा कुंड्यांना आठ दिवसांचे ४० लिटर लागतात, म्हणजे २० लिटरच्या दोन बादल्या.

सुती दोरी किंवा जुन्या सुती साडीची वात करा, करंगळीएवढी. आधी पूर्ण भिजवा. कोरडी वात पाणी ओढायला सुरुवातच करत नाही. एक टोक बादलीच्या तळाला दगड बांधून सोडा, दुसरं कुंडीत तीन इंच खोल पुरा. बादली कुंडीच्या पातळीलाच ठेवा. उंच स्टुलावर ठेवली तर वात नळीसारखी वाहायला लागते आणि दोन दिवसांत बादली रिकामी. बादलीवर झाकण किंवा जाळीचं कापड हवंच.

निघायच्या तीन दिवस आधी हे सगळं मांडून बघा. रोज बादलीवर पाण्याच्या पातळीची खूण करा. जास्त उतरत असेल तर वात बारीक करा, माती कोरडी वाटली तर दुसरी वात जोडा. बोगनवेल आणि अडेनियमला वात नको. निघताना भरपूर पाणी दिलं की आठ दिवस निघतात. परत आल्यावर कुंड्या एकदम उन्हात नेऊ नका. तीन-चार दिवस फक्त सकाळचं ऊन, मग जागेवर.